हशा कुठे भरायचा

दाराआडून शंभर माणसं खदखदून हसत होती. आपल्या मालिकेचा पहिलाच भाग एवढा रंगला, या आनंदात लेखिकाबाईंनी दार ढकललं, तर आत एकच माणूस. समोर पडदा, हाताशी बटणं आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"लोक कुठायत?"

"या बटणात," तो म्हणाला.

हा हशावाला. मालिका ऑफिसातल्या गमतीजमतींची, चॅनेलला दर अर्ध्या मिनिटाला हशा हवा आणि तो भरायचं काम याचं. याचा हट्ट काय, तर स्वतःला हसू आल्याशिवाय बटण दाबायचं नाही! तिनं तीन-तीनदा खोडून लिहिलेल्या वाक्यांवर स्वारी ढिम्म. साहेबांचा टाय ड्रॉवरमध्ये अडकला, जे तिनं लिहिलंच नव्हतं, तिथे मात्र छप्पर उडवणारा हशा. डोक्याला नुसता ताप! त्या दिवसापासून ती रोज भांडायला त्याच्या खोलीत येऊ लागली.

आज चौथा भाग. पाचव्यापासून हे काम दुसऱ्या स्टुडिओत जाणार, असं सकाळीच कळलं होतं आणि तेव्हापासून ती प्रत्येकावर खेकसत होती.

पडद्यावर शेवटचा प्रसंग आला. टायपिस्ट स्टोअरकीपरला सांगते, "मी रोज तुमच्याकडे पेन मागायला येते ना… माझ्याकडे सात पेनं आहेत."

शांतता.

"हशा?" ती कडाडली.

"नाही."

"अहो, भागातला सगळ्यात मोठा विनोद आहे तो! चॅनेल फाडून खाईल मला!"

"मला नाही आलं हसू."

"का पण?"

त्यानं बटणांवरचा हात काढला. "ती खरं बोलतेय म्हणून. इतके दिवस बिचारी येतेय आणि त्या गाढवाला पत्ता नाही… यात हसायचं काय?" मग तिच्याकडे वळून म्हणाला, "लेखक इथे येत नाहीत कधी. सूचना पाठवतात. तुम्ही रोज येता."

"भांडायला!"

"भांडण फोनवरही होतं की…"

तिला भयंकर राग आला. त्याचा, चॅनेलचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. स्वतःच्या मनातलं टायपिस्टच्या तोंडी घालायचं आणि कुणाला संशय नको म्हणून वर शंभर माणसांना हसवायचं, हा उद्योग तिचाच होता.

"माझा शेवटचा भाग आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं. भरू?"

पडद्यावरची टायपिस्ट उत्तराची वाट बघत तशीच थांबली होती. लेखिकाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच. चॅनेलला सांग, लेखिकेनं हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही."

'सांग'? अहोचं अरे कधी झालं, तिलाच कळलं नाही. कान तापले, पण आता माघार कसली!

"आणि कारणं शोधून शोधून मी कंटाळलेय. उद्या मी येणार. काही काम नसताना. कुठे येऊ, ते तू सांग."

त्यानं संहितेच्या मागच्या बाजूला घरचा पत्ता लिहिला आणि खाली दोनच शब्द: लवकर ये.