नवव्या पानावरचा खुनी

नवव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ठसठशीत लिहून ठेवलं होतं — 'खुनी : मुनीम.'

आता तुम्हीच सांगा, दोनशे पानांची रहस्यकथा हातात घ्यावी, चहा करून खिडकीशी बसावं, आणि नवव्या पानावर खुन्यानं स्वतःच दार उघडून 'या, बसा' म्हणावं, याला काय अर्थ आहे? माझं डोकंच फिरलं. पुस्तक वाचनालयाचं होतं आणि त्याच्या मागच्या चिठ्ठीवर माझ्या आधीच्या वाचकाचं नाव होतं, उ. प्रे. आडे. चौकशी केली तर हा इसम जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर निघाला. शाळा सुटल्यावर मी तडक तिकडे गेले.

ही गोष्ट कळमनुरीची, चौऱ्याहत्तर सालची. मी पद्मा पाईकराव, वय बावीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झालेली. नोकरी लागल्या लागल्या मी वाचनालयाची सभासद झाले. तिथं स्वतः येऊन पुस्तक नेणारी मी एकटीच बाई. बाकीच्यांची पुस्तकं नवरे आणि भाऊ निवडून नेत. सचिव व्यंकटराव मला पाहिलं की व्रतकथांचं कपाट उघडत. मी रहस्यकथांच्या कपाटाकडे बोट दाखवी. दर गुरुवारी आमची ही मुकी लढाई चाले.

दवाखान्यात एक म्हैस बांधलेली होती आणि तिच्याशेजारी एक उंच, सावळा माणूस बाह्या दुमडून उभा होता. सगळीकडे फिनेलचा वास. त्याच्या पापण्या मात्र अशा लांब, की… जाऊ द्या. मी भांडायला गेले होते.

"हे अक्षर तुमचं?" मी नववं पान त्याच्या नाकासमोर धरलं.

त्यानं आधी पान पाहिलं, मग मला. "व्हय. माझंच."

इतकं सरळ कबूल केल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं? तरी मी भांडले. दुसऱ्याच्या ताटात माती कालवणाऱ्याला काय म्हणतात ते सांगितलं, पुस्तकाला हात लावायची त्याची लायकी काढली. म्हशीनंसुद्धा मान वळवून पाहिलं. त्यानं तिची पाठ थोपटली.

"बाई, पुरं वाचलं का पुस्तक?"

"वाचू काहून? खुनी कळला की."

"पुरं वाचा. मंग या भांडायला. मी हितंच हाय." आणि हसला मेला.

मी पुरं वाचलं. एकशे बाराव्या पानावर मुनीमच मारला गेला! खुनी निघाला भलताच. मी नववं पान खिडकीतल्या उन्हात तिरपं धरलं. 'मुनीम' या शब्दाखाली खोडलेल्या अक्षरांचा दाब दिसत होता, आणि ते नाव खऱ्या खुन्याचं होतं. कुणीतरी खरं नाव फोडून ठेवलं होतं. या माणसानं ते रबरानं खोडलं, दाब तरीही वाचता येतोय म्हटल्यावर त्यावर जोर देऊन खोटं नाव लिहिलं. पुढं कोण वाचणार हे त्याला ठाऊकही नव्हतं. कुण्या अनोळखी वाचकाची मजा जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप! त्या खिडकीतच मी कामातून गेले.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. उ म्हणजे उत्तमसिंग, हे तेव्हा कळलं. तो म्हणाला, सगळ्या रहस्यकथांची हीच गत आहे. सहा पुस्तकं दुरुस्त झाली, अकरा राहिलीत. खरं तर त्याला स्वतःला रहस्यकथांचं फार वेड नव्हतं. त्याला आवडायच्या जाड, सावकाश कादंबऱ्या, ज्यांत माणूस चाळीस चाळीस पानं विहिरीच्या काठावर बसून असतो. मी म्हटलं, तुमच्या त्या माणसाला कुणी ढकलत का नाही? तो म्हणाला, तुमी एकदा त्याच्या शेजारी बसून तर बघा.

आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचक आपलं मत लिहीत. 'ठीक', 'छान', 'वेळ जातो', एवढंच. आम्ही दोघं तिथं लिहू लागलो. त्यानं सुचवलेल्या पहिल्या कादंबरीमागं मी लिहिलं, 'शंभर पानं झाली, अजून कुणी मेलं नाही. — प.' खाली त्याचं उत्तर आलं, 'एकशे चाळीसाव्या पानावर ती आईला पत्र लिहिते आणि टाकत नाही. तिथं थांबा. — उ.' मी थांबले. पुस्तक परत करताना लिहिलं, 'डोळ्यांत फिनेल गेलं.' मी सुचवलेल्या रहस्यकथेमागं त्यानं लिहिलं, 'नादात एका वासराला दोनदा औषध पाजलं. जबाबदार तुम्ही.'

लोक ते वाचू लागले. शिंपी, एसटीचा कंट्रोलर, सगळे येऊन 'प आणि उ नं लिहिलेलं पुस्तक' मागू लागले. माणसांच्या दवाखान्यातल्या नर्स सोजराबाई नवऱ्याला न पाठवता स्वतः आल्या. त्यांच्यामागं कापडदुकानवाल्यांच्या रूपाबाई. एका गुरुवारी टेबलाशी आम्ही तिघी बाया उभ्या होतो, आणि व्यंकटरावांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला.

मग एका कादंबरीमागं उत्तमसिंगनं लिहिलं, 'यात शेवटी दोघं एकमेकांना सांगतच नाहीत. चूक कुणाची?'

मी लिहिलं, 'ज्याला आधी कळलं त्याची.'

त्यानंतर… काहीच नाही. दोन आठवडे सगळी पानं कोरी. आणि तिसऱ्या आठवड्यात सभेची नोटीस आली.

रविवारी सकाळी सभा भरली. विषय एकच : पुस्तकांत बेशिस्त मजकूर लिहिल्याबद्दल पद्मा पाईकराव हिचं सभासदत्व रद्द करणे. माझ्या बाबांनाही बोलावलं होतं. बाबा, किशनराव, पंचायत समितीत शिपाई. ते दाराशी उभे राहिले; खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा कुणी म्हटलं नाही. बाबांच्या लहानपणी आमच्या माणसांना या पायऱ्या चढता येत नव्हत्या. मला सभेची भीती नव्हती. माझ्यापायी बाबांची मान खाली जाईल, एवढीच भीती होती.

व्यंकटरावांनी आमचे अभिप्राय मोठ्यानं वाचले. 'फिनेल'पाशी कुणीतरी हसलं. असल्या पुस्तकांची चटकच लागू नये म्हणून खुन्यांची नावं आपणच लिहून ठेवत होतो, हेही त्यांनी छाती काढून सांगितलं! मागच्या रांगेत उत्तमसिंगनं कपाळावर हात मारला. मग सूचक व्यंकटराव, अनुमोदक कापडदुकानवाले नरसिंगराव असा रद्द करण्याचा ठराव आला.

"हे उ म्हंजे कोण?" व्यंकटरावांनी ठाऊक असूनही विचारलं.

"मी," उत्तमसिंग उभा राहिला. एक बौद्धवाड्यातली, एक तांड्यावरचा, हे कुणी बोललं नाही. पण सगळ्यांच्या माना ते बोलत होत्या.

व्यंकटराव माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. यांचा माझा काही संबंध नाही, चूक झाली, एवढं लिहून दे, सभासदत्व राहील, म्हणाले. कागदही पुढं केला. तो कागद मला हवा होता हो. पुस्तकांशिवाय मी काय करणार होते? पण त्यावर खोटं कसं लिहू?

"संबंध न्हाई, असं मी लिहिणार न्हाई," मी म्हटलं. "लिहायचंच तर तुमी इतिवृत्तात लिहा. पद्मा पाईकरावला उत्तमसिंग आडे आवडतो. त्याची तयारी असली तर ती त्याच्याशी लग्न करणार."

सभेला कळलं, आणि त्याच क्षणी त्यालाही. मी आधी एका शब्दानं बोलले नव्हते. कुणी खोकलं. मला मागं वळायची हिंमत होईना.

"माझं…" मागून आवाज आला, थांबला, घसा साफ केला. "माझं अनुमोदन आहे."

व्यंकटरावांनी टेबलावर हात आपटला. "हा विषय विषयपत्रिकेवर न्हाई. याची नोंद व्हनार न्हाई."

तेव्हा दाराशी हालचाल झाली. बाबा आत आले. एक रिकामी खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या मधोमध बसले.

"साहेब, बारा वर्सं सभांना पानी देऊन राहिलो मी," ते शांतपणे म्हणाले. "शेवटी एक विषय असतोच. ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं. त्याच्यात घ्या."

सभाभर पेंगत असलेले अध्यक्ष, म्हातारे शेषराव वकील, डोळे उघडून म्हणाले, "बराबर आहे. परवानगी दिली."

माझं सभासदत्व त्या दिवशी गेलंच. हात व्यंकटरावांच्या बाजूनं जास्त वर झाले. पण त्या ठरावाखाली त्यांना स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. सूचक पद्मा किशनराव पाईकराव, अनुमोदक उत्तमसिंग प्रेमसिंग आडे. उत्तमसिंग तोवर पुढं येऊन माझ्या शेजारी उभा होता, इतका जवळ की त्याची दुमडलेली बाही माझ्या हाताला लागत होती. लिहून झालं तशी व्यंकटराव वही मिटायला लागले. बाबांनी वहीवर हात ठेवला आणि वाचून दाखवायला सांगितलं. व्यंकटरावांना उभं राहून सगळ्या सभेसमोर ते वाचावं लागलं.