काळ्या हत्तीची पेटी

थोंगसीचं कोणी ऐकलं नाही. नवऱ्याने नाही, शेजारणीने नाही, देवळातल्या भिक्षूनेही नाही. त्या फळ्यांना हात लावू नका, असं तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा लोक हसले. सगळं होऊन गेल्यावर मात्र जो तो म्हणायला लागला, आम्हाला आधीच शंका होती. खोटारडे मेले! कोणाला कसली शंका नव्हती.

गोष्ट पेटीपासून सुरू झाली. त्या गावात घर तिथे नाग. खांबांवर उभी असलेली लाकडी घरं, वर माणसं, आणि खाली खांबांमधल्या सावलीत नागांच्या पेट्या. औषधी मुळ्या विकायच्या आणि गर्दी जमवायला नाग खेळवायचा, हा तिथला पिढ्यांचा धंदा. थोंगसीचा नवरा खाम्फान याचा नागराज नऊ हात लांब होता. नाव काळा हत्ती. फणा काढून उभा राहिला की बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालायचा.

त्याची जुनी पेटी वाळवीने खाल्ली. बोटाने दाबलं तरी भुसा पडायचा. नव्या वर्षाची जत्रा दोन महिन्यांवर आलेली. खाम्फानने घरामागे रचून ठेवलेल्या सहा जाड फळ्या ओढून आणल्या.

"त्या ठेवा तिथे," थोंगसी म्हणाली. "तुमच्या आईसाठी कापल्यात त्या."

"आई तर देवळातून आलेल्या शवपेटीतून चितेवर गेली. या फळ्यांना तिची पाठसुद्धा लागली नाही."

"म्हणून तर म्हणते. तिच्या नावाच्या आणि रिकाम्या राहिलेल्या. जाळून टाका."

"सागवान जाळू? डोकं फिरलं का तुझं, दुआनच्या आई? नाग झोपणार आहे त्यात, तू नाही."

कुंपणापलीकडून बुनमा हे ऐकत होती. तिला दुसरं काम काय! "सासू जिवंत असताना नाही घाबरलीस ती," ती म्हणाली, "आणि आता तिच्या लाकडाला घाबरतेस होय?"

थोंगसीने तिच्या दिशेने केरसुणी भिरकावली. पेटी व्हायची ती झालीच.

आता पेटी चांगली झाली, हे थोंगसीही नाकारत नव्हती. आत दोन कप्पे, मध्ये वर ओढायची फळी. नागाला एका कप्प्यात घालवून दुसरा साफ करता येत होता. वरच्या झाकणाला दोन कड्या, पुढे जाळीची खिडकी, तळाला वाळू आणि भाताचा पेंढा, कोपऱ्यात पाण्याचं जड मातीचं भांडं. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या डब्यांत. खाम्फानने फुलं आणि मेणबत्ती ठेवून गुरूचं नाव घेतलं, मुळी चावून झाकणावर थुंकला, आणि काळा हत्ती आत सोडला.

खाऊ घालायचं काम थोंगसीचं. लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. नागराज उंदीर खात नाही, बेडूक खात नाही. त्याला सापच लागतो. दर दहा दिवसांनी एक दिवड. ती भातखाचरात सापळे लावायची, सापडलेल्या दिवडी रांजणात ठेवायची. खाऊ घालायच्या दिवशी मासळीला हात लावायचा नाही, नाहीतर बोटांना वास राहतो. पौर्णिमा-अमावास्येला जीव द्यायचा नाही. दिवड आत सोडली की तीन दिवस कडी काढायची नाही, नागाला हलवायचं नाही. आणि प्रत्येक वेळी खांबावर कोळशाने एक रेघ. सत्तावीस वर्षांत तिची एक रेघ चुकली नव्हती.

नव्या पेटीत तिने पहिली दिवड सोडली. चौथ्या दिवशी कडी काढली, तर दिवड जिवंत. पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून, डोकं वाळूत खुपसून पडलेली. आणि काळा हत्ती पलीकडे पसरलेला... पोट फुगलेलं. भरपूर जेवल्यावर असतं तसं.

"काय खाल्लं याने?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू दुसरी दिवड टाकली असशील आणि विसरली असशील."

"मी? विसरले?"

"वय झालं, दुआनच्या आई."

ती गप्प बसली नाही, पण शिव्या देऊन उत्तर सापडत नाही.

त्याच दिवशी दुआनफेन जेवली नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची, जत्रेत काळ्या हत्तीसमोर नाचायची. चिकट भाताची टोपली पुढे ठेवली तर तिने ती हळूच सरकवली. "पोट भरलंय, आई." काय खाल्लंस, विचारलं, तर म्हणाली, "आठवत नाही..."

पुढची दिवडही तशीच जिवंत राहिली, तिच्यापुढचीही. मेलेल्या जनावरासारख्या त्या कोपऱ्यात पडून राहायच्या आणि झाकण उघडताच उडी मारून पळायच्या. नाग मात्र फुगत होता. पेटी साफ करताना त्याला उचलायला आता दोन माणसं लागत. आणि वर, त्याच खांबांवरच्या घरात, दुआनफेन वाळत होती. मनगटावरचा पांढरा दोरा सैल पडला. जीव अंगात बांधलेला राहावा म्हणून थोंगसीने स्वतः तीन गाठी मारून तो बांधला होता. आता तो कोपरापर्यंत सरकायचा.

मग एका दुपारी आवाज आला.

गाव उन्हाने निपचित पडलं होतं. कोंबड्यासुद्धा धुळीत पंख पसरून गप्प. थोंगसी घराखालच्या सावलीत सापळा विणत बसली होती. कुट... कुट... दोनदा. मग शांतता. मग पुन्हा दोनदा. लाकडावर आतून काहीतरी ठोकावं तसा. तिने हातातली बांबूची कामटी खाली ठेवली. नाग फुत्कारतो, घासतो, डोकं आपटतो. नाग मोजून दोनदा ठोकत नाही.

ती जाळीपाशी गेली. आतून थंड हवा आली, आणि तिच्यात वास... नागाचा नाही. विड्याचा. ओल्या सुपारीचा, चुन्याचा, शिळ्या पानाचा. म्हातारी मुनच्या तोंडाला यायचा तो.

म्हातारी मुन म्हणजे तिची सासू. दात पडल्यावर ती पितळेच्या छोट्या नळीत विडा कुटून खायची. शेवटी अंथरूण धरलं, तेव्हा तिला याच घराखाली, या खांबाशेजारी बाजेवर ठेवलं होतं, चढउतार नको म्हणून. काही हवं असलं की ती नळीतल्या दांड्याने बाजेवर ठोकायची. दोनदा. ती नळी आणि दांडा तिच्याबरोबर चितेत गेला होता. थोंगसीनेच ठेवला होता.

"तुमची आई पेटीत आहे," तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

खाम्फान भाताचा गोळा चटणीत बुडवत होता. तो थांबला नाही. "आईला नागांची भीती वाटायची. ती कशाला जाईल पेटीत?"

"तिच्या फळ्या आहेत."

"जत्रा होऊ दे. मग नवी करतो."

"पोरगी राहील का तोवर?"

भिक्षूकडे गेली, तर तो म्हणाला, मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात न्या. नेलं. रक्त काढलं, गोळ्या दिल्या, काही नाही म्हणाले. बुनमा म्हणाली, "प्रेमात पडली असेल कुणाच्या." थोंगसी तिला काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नागाचे डोळे दुधासारखे झाले, म्हणजे कात टाकणार. त्या आठवड्यात दुआनफेन अंथरुणातून उठली नाही. "धुकं दिसतंय सगळीकडे," ती म्हणायची. नागाने कात टाकली त्या सकाळी थोंगसीने नाग पलीकडच्या कप्प्यात घालवला आणि कात बाहेर ओढली. लांबच लांब, कोरडी, कुरकुरणारी. तिच्या पोटाशी काहीतरी अडकलं होतं. पांढरा दोरा. तीन गाठी, तिच्या हातच्या, एकही न सुटलेली, न तुटलेली.

ती धावत वर गेली. दुआनफेनचं मनगट उघडं होतं.

यानंतरही खाम्फान म्हणाला की पोरीच्या हातून पडला असेल. कड्या लावलेल्या पेटीत! तेव्हा थोंगसीने ठरवलं, आता भगतच. दोन गावं ओलांडून ती चानदीबाबाला घेऊन आली.

तिथे एक रीत आहे. माणूस असं आतून पोखरत गेलं की गाव म्हणतं, आतडेखाऊ लागला. भगत आजाऱ्याच्या अंगठ्यावर मुळी दाबतो आणि विचारतो, कोण खातंय? आजारी माणूस नाव सांगतो. ज्याचं नाव निघेल त्याने सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. मागे वळून पाहायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या एका विधवेचं नाव निघालं होतं. ती पाया पडत होती, मी काही केलं नाही म्हणत होती. तिच्या घराच्या शिडीवर पहिला दगड मारणारी थोंगसीच होती. तिला त्याची लाज नव्हती. पोरंबाळं मरत असताना लाज कसली धरायची?

पण या वेळी मेलेल्याचं नाव निघणार होतं, अशी तिची खात्री होती. मेलेल्याला गाव सोडायला सांगावं लागत नाही. पेटी जाळायची, नाग रानात सोडायचा, पोरगी उठून बसेल.

एक गोष्ट मात्र तिने चानदीबाबाला सांगितली नाही. कोणालाच सांगितली नव्हती.

शेवटच्या दिवसांत म्हातारीने तिच्या तोंडावर भात थुंकला होता. वर बुनमाला सांगितलं, सून मला सापाचं उष्टं घालते. थोंगसीचं डोकं फिरलं. राहा म्हणाली उपाशी, भूक लागली की नीट मागशील. म्हातारी मागत होती. कुट... कुट... खाम्फान मुळ्या विकायला परगावी, दुआनफेन आजोळी. पहिल्या दिवशी थोंगसी रागात होती. दुसऱ्या दिवशी हट्टाला पेटली. तिसऱ्या दिवशी नागाचा दिवस होता. तिने बाजेवरून हात लांब करून खांबावर रेघ मारली, दिवड पेटीत सोडली, आणि म्हातारी ते टक लावून बघत होती. चौथ्या दिवशी आवाज फार हळू झाला होता. पाचव्या दिवशी सकाळी थोंगसी भात घेऊन खाली आली. ऊन ऊन भात होता. खरंच घेऊन आली होती. तेव्हा आवाज थांबलेला होता.

वय झालं होतं, असं सगळे म्हणाले.

चानदीबाबा दुपारी बसला. अर्धं गाव घराखाली जमलं. दुआनफेनला उचलून आणून चटईवर निजवलं, पेटीपासून चार पावलांवर. काय राहिलं होतं तिच्यात! चादरीखाली अंग आहे की नाही ते कळत नव्हतं. बुनमा पहिल्या रांगेत बसली होती, पंखा हलवत.

"नागाला बाहेर काढायचं का आधी?" खाम्फानने विचारलं.

"राहू दे," चानदीबाबा म्हणाला. "कोणी उठू नका."

त्याने मुळी अंगठ्यावर दाबली. दुआनफेन कण्हली नाही. त्याने पुन्हा दाबली.

"कोण खातंय?"

काही नाही. फक्त पंख्याचा आवाज.

"कोण खातंय या पोरीला? नाव सांग."

"बोल गं!" थोंगसी पुढे सरकली. "आजीचं नाव घे! घाबरू नकोस, घे नाव!"

दुआनफेनने डोळे उघडले. आईकडे नाही, खांबाकडे पाहिलं. कोळशाच्या रेघांकडे. मग तिची मान हळूहळू वळली आणि ती तोंड उघडून हसली. हिरड्या लाल, जीभ लाल, ओठांच्या कडेने लाल ओघळ. पोरीने जन्मात विडा तोंडात घातला नव्हता.

बुनमाचा पंखा थांबला. "हा वास..." ती पुटपुटली. "हा तर..."

"आजी आहेस का तू?" चानदीबाबाने विचारलं.

मान हलली. हो.

"बघा!" थोंगसी ओरडली. "मी सांगत होते! दीड महिना घसा कोरडा करत होते मी!" खाम्फान तिच्याकडे बघत होता. पहिल्यांदाच तिला वाटलं, आता हे लोक माझं ऐकतील.

"मग पोरीला का खातेस?" चानदीबाबा म्हणाला. "तुझीच नात ना?"

"भूक लागली," दुआनफेन म्हणाली. आवाज तिचाच होता, बारीक, थकलेला. बोलणं तिचं नव्हतं. "चार दिवस ठोकत होते मी. सापाला मिळालं. मला नाही मिळालं."

खाम्फानची नजर खांबावर गेली, मग बायकोवर. थोंगसी सरकून खांबावरच्या रेघांपुढे आली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तळ्यापलीकडच्या ताडांच्या सावल्या लांबत होत्या, आणि सूर्य मावळायला अजून तासभर होता.

"कोणी नाही दिलं?" चानदीबाबाने हळूच विचारलं. "नाव सांग, म्हातारे. एकच नाव. मग पोरीला सोड."

पेटीत काळा हत्ती हलला नाही. तो जाळीपाशी डोकं टेकवून पडला होता, सगळ्यांना दिसत होता. तरी लाकडावर आवाज झाला. दोनदा.

आणि सोळा वर्षांच्या लेकीने आईकडे बोट केलं, आणि सासू हाक मारायची तशी, शेवटचं अक्षर ओढून, नाव घेतलं.

"थोंगसी..."