इंजिन गार होईपर्यंत

"अहो, भाजेल!"

जयमालाने झटकन हात मागे घेतला. वाशीच्या भाजी मार्केटसमोर एक जुनी, काळी फटफटी उभी होती आणि ती तिच्या इंजिनाला बोट लावणारच होती. मागे वळून पाहिलं, तर मेथीची जुडी हातात घेतलेला एक उंच, सावळा तरुण. वर हसत होता! आधी तिला रागच आला... मग तितकासा नाही.

"विकायची आहे का ही?"

"काय, मेथी?"

"मेथी घरी आहे आमच्या."

तर अशी सुरुवात झाली. साल पंच्याऐंशी. तो धर्मराज म्हात्रे, शिरवण्याचा, बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर. ती वाशीच्या एका बँकेत टायपिस्ट. आणि बँकेतल्या मुलीला फटफटी कशाला हवी, हे त्याने विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं. तिच्या बाबांकडे, दिनानाथरावांकडे, अगदी अशीच होती. दादरची खोली सोडून इथे फ्लॅट घेताना ती विकली. मग आई गेली, नोकरी संपली. आता बाबा दिवसभर गॅलरीत बसायचे. खालून एखादी जुनी फटफटी गेली, की मान वळायची... तेवढीच काय ती हालचाल. आणि जयमालाचं पुण्याच्या एका स्थळाशी लग्न जवळजवळ ठरलं होतं. आपण गेल्यावर हे बोलणार कोणाशी? तो घोर तिला रात्रंदिवस लागला होता.

धर्मराजने मेथी हँडलला अडकवली. "मग गाडी नंतर बघा मॅडम, आधी आमच्या मंडळात या. जुनी गाडी एकट्याने घेतली की डोक्याला ताप. पार्ट कुठं मिळतो, कुठला मेकॅनिक टोप्या घालतो, हे सांगायला चार माणसं लागतात."

चार माणसं! तिला तर फटफटीहूनही तीच हवी होती.

मंडळ म्हणजे काय, तर जुन्या फटफट्यांचे सात-आठ मालक. दर रविवारी सकाळी शिरवण्याच्या मैदानात जमायचं, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, चहा प्यायचा आणि एक फेरी मारून यायची. नियम एकच, पण कडक. मागच्या सीटवर घरचंच माणूस बसवायचं, नाहीतर सीट रिकामी. मागे कुणीतरी कुणाला तरी बसवून फिरवलं होतं, त्यावरून दोन घरांत जुंपली होती, तेव्हापासूनचा हा नियम. आणि धर्मराज तर मंडळाचा सेक्रेटरी.

म्हणून मग गंमत अशी झाली, की गाडी बघायला पनवेलला जा, नाहीतर उरणला... जयमाला एसटीत मागच्या खिडकीशी आणि तिच्यामागे धूर खात धर्मराजची फटफटी. ओव्हरटेक करायला सगळा रस्ता मोकळा असायचा. पण हा पठ्ठ्या एकदाही पुढे गेला नाही.

"न कळवता जायचं," तो शिकवायचा. "आणि पहिला हात इंजिनला. गरम लागलं, तर समजायचं, मालकाने आधीच तापवून ठेवलंय. थंड असताना गाडी जे नखरे करते ना, ते लपवायला."

"आणि तसं असलं तर?"

"नमस्कार करायचा नि सटकायचं."

"पुण्याचे लोक मला बघायला कळवून आले होते, म्हात्रे."

तो उगाचच वाकून चेन तपासत बसला.

एक गाडी दोन चेसिस जोडून केलेली निघाली, एकीने किक मारणाऱ्यालाच लाथ मारली. आणि मग उरणजवळच्या मोऱ्याला धर्मराजच्या ओळखीच्या देवजीबाबाची सापडली. त्या दिवशी तेवढा धर्मराज एसटीमागे नव्हता, आधीच पुढे येऊन स्टँडवर थांबला होता. धक्क्याजवळ घर, अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि पडवीत ती. काळी, देखणी... थेट बाबांचीच! जयमालाने हळूच इंजिनाला हात लावला.

गरम.

"चला मॅडम," धर्मराज घाईघाईने म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

पण तिचा पाय निघेना. "थांबायला कुठे बंदी आहे? गार होऊ दे. मग बघू."

"अहो, वेळ लागेल..."

"लागू दे."

दोघं पडवीच्या पायरीवर बसले. भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच लागली, माणसं उतरली, पांगली. धर्मराज घामाघूम. तेवढ्यात देवजीची बायको गोजरा चहा घेऊन आली.

"काय रं धर्मराज, सकाली येऊन येवढा वेल फटफटी चालू ठेवलीस, आन आता गार व्हायची वाट बघतस? डोका ठिकानावर हाय ना तुजा?"

जयमालाच्या हातातला कप तसाच राहिला.

गोजरा आत गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही? तिकडे माझे बाबा गॅलरीत झुरतायत, आणि तुम्ही..."

"चुकलं माझं."

"पण का?"

तो बशीकडे बघत राहिला. "गाडीत दोष एक नाही. तुम्ही आजच घेतली असती. मग पुढच्या रविवारी... एसटीच्या मागं मी कोणासाठी जायचं?"

तिला राग आला होता. खरंच आला होता. पण त्या रागात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, त्याचा तिला आणखीनच राग आला.

"हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"पुण्याचं ठरलंय ना तुमचं. कुठल्या तोंडाने सांगू?"

"जवळजवळ ठरलंय," ती म्हणाली. "जवळजवळ!"

चहा निवला. उन्हं पडवीतून अंगणात सरकली. शेवटी तिने उठून इंजिनावर हात ठेवला. गार होतं. देवजीबाबाने किक मारली आणि पहिल्याच किकला फटफटी अशी बोलायला लागली, की जयमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पुढच्या रविवारी दिनानाथराव मैदानात आले ते देवजीबाबाची ती फटफटी घेऊन, हेल्मेट बगलेत मारून. तासाभरात त्यांचं कार्ब्युरेटरवरून दोघांशी भांडणही झालं. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता! नियम ऐकून त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. घरचंच माणूस."

फेरी निघायची वेळ झाली. "जयू, बस," त्यांनी मागची सीट पुसत हाक मारली.

जयमाला निघाली... आणि बाबांच्या गाडीजवळून पुढे जाऊन धर्मराजच्या फटफटीशी उभी राहिली.

"मॅडम," तो पुटपुटला, "नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, धर्मराज. म्हणूनच बसतेय."

आणि बसली! सगळ्यांच्या नजरा दिनानाथरावांकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुण्याला मी कळवतो," ते म्हणाले. "संध्याकाळी आम्ही शिरवण्याला येऊ, म्हात्रे. खरं तर न कळवताच यायला हवं होतं, पण आता सांगून बसलो."

त्यांची फटफटी पहिल्या किकला सुरू झाली. धर्मराजच्या फटफटीला मात्र त्या दिवशी तीन किका लागल्या. गाडीत दोष काही नव्हता, पायच थरथरत होता बिचाऱ्याचा.