राणीच्या वाट्याची लाकडं

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही.

खाडीकाठचा बोर्गनेस किल्ला. सोळा फेब्रुवारी, भर दुपारचे बारा. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आज त्र्याहत्तर. सून म्हणते, विसरा आता.

कशी विसरू?

आमच्या राणीसाहेब सोळाव्या वर्षी लग्न होऊन या देशात आल्या. वरातीत तीन गावं नाचली होती, असं आई सांगायची. दहा वर्षांत राजा वारला. लगेच धाकट्या दिराने बोंब ठोकली, हिनेच विष घातलं. पुरावा कसलाच नाही. गादी घेतली, मुलगा हिरावला आणि बाईला आमच्या किल्ल्यात कोंडलं.

अकरा वर्षं.

मी त्यांची शेकोटी सांभाळायची. शेवटच्या हिवाळ्यात किल्लेदार हार्ट्विगने हुकूम काढला, गुन्हा कबूल करेपर्यंत राणीला लाकडं नाहीत.

लाकडांची टोपली मीच उचलून बाहेर आणली.

दारात राणीसाहेबांनी माझे हात धरले. तोंडाजवळ नेऊन त्यांना श्वासाची ऊब दिली. "मेत्ते, गारठलीस ना गं पोरी?" एवढंच म्हणाल्या.

बाराव्या दिवशी त्या गेल्या. कबूल काहीच केलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. राणीचं दफन होईपर्यंत रोज दुपारी तिच्या खुर्चीपुढे ताट वाढायचं, दासींनी उभं राहायचं, नंतर ते अन्न वेशीवरच्या भिकाऱ्यांना द्यायचं. त्यांची जुनी दासी सिदसेलबाई ही रीत पाळत होती. राणीसाहेबांची एकच इच्छा होती, नवऱ्याशेजारी मोठ्या चर्चमध्ये जागा मिळावी. हार्ट्विग म्हणत होता, खंदकाकाठी पुरा, वर नाव नको.

त्या दुपारी तो जेवणघरात आला. डोक्यावर टोपी तशीच. सरळ राणीच्या खुर्चीत बसला आणि ताट ओढलं.

"तुमची बाई रोज जेवायला येते म्हणे. आज आम्ही सोबत करतो."

"टोपी काढा, साहेब," सिदसेलबाई शांतपणे म्हणाली. "खुर्ची रिकामी नाही."

तो हसला. पाव मोडला.

आणि...

शेकोटीतली आग गेली.

धूर नाही. आवाज नाही. डोळा मिटावा तशी.

तेवढ्यात खालून आचारी धावत आला. चुली विझल्या होत्या. पहारेकऱ्यांची शेगडीसुद्धा. वाळलेली लाकडं, कोरडं गवत, सगळं होतं. चकमकीची ठिणगी पडायची...

आणि तिथेच मरायची.

तीन दिवस. बाहेर खाडी गोठलेली. दोन पहारेकऱ्यांची बोटं काळी पडली. हार्ट्विग आधी शिव्या देत होता, मग नुसता कुडकुडत होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी पांघरुणं आणायला मी राणीसाहेबांच्या दालनात गेले. शेकोटीत लाकूड नव्हतं. राखसुद्धा नव्हती. सहज दगडाला हात लावला...

दगड गरम होता.

मी ओरडत खाली आले. सिदसेलबाई हार्ट्विगला म्हणाली, "तिची लाकडं तुम्ही बंद केलीत. आता तिच्याकडेच मागा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने राणीसाहेबांच्या दालनाचं दार ठोठावलं. टोपी हातात होती. आत काय बोलला, कुणाला कळलं नाही. बाहेर आल्यावर राजाला, म्हणजे त्या दिराला, न विचारताच त्याने बर्फगाडी जोडायला लावली. शवपेटी गोठलेल्या खाडीवरून चर्चला नेली. नवऱ्याशेजारी जागा, वर पूर्ण नाव.

संध्याकाळी तिकडे कबर बुजली, त्याच सुमारास इकडे स्वयंपाकघरातली चूल आपोआप पेटली. जवळ कुणीच नव्हतं.

हार्ट्विगला राजाने हाकलून दिलं. मला अजून त्याची कीव येत नाही.

पण टोपली मी उचलली होती.

दरवर्षी सोळा फेब्रुवारीला, दुपारी बारा वाजता, माझी चूल विझते. घर गारठतं...

आणि माझे दोन्ही हात गरम होतात. कुणीतरी धरल्यासारखे.

सून म्हणते, राणीने तुम्हाला माफ केलं असेल.

माफ केलं असतं, तर आतापर्यंत हात सोडले असते.