बंद स्टँडमधला टाका

मार्श फील्ड या बेसबॉलच्या मैदानाचा तो शेवटचा मोसम होता. पुढच्या वसंतात संघ नदीपलीकडच्या नव्या स्टेडियमात जाणार आणि इथं गोदामं उभी राहणार, हे ठरून गेलं होतं. म्हणून त्या वर्षी प्रत्येक खेळाडूच्या उजव्या बाहीवर एक गोल पॅच शिवायचा होता. त्यावर उंचावरून दिसावं तसं अख्खं स्टेडियम दोऱ्यानं भरलेलं: तळाशी घरच्या स्टँडचं करडं छप्पर, त्याच्या कडेला खेळाडूंनी बसायच्या डगआउटची तपकिरी पट्टी, मध्ये हिरवं मैदान, आणि सगळ्यात वर, मैदानाच्या पार पलीकडे, मधला जुना स्टँड. भोवती अक्षरं: ‘निरोप, मार्श फील्ड’.

शिवायचं काम आयरीन सॉब्चाककडे होतं. पहिल्या बेसच्या बाजूला, स्टँडच्या पोटात तिची खोली होती. डोक्यावर हजारो पावलांचा धबधबा, भिंतीपलीकडे सॉसेज परतल्याचा वास आणि तळ्यावरून येणारा ओलसर वारा, या तिन्हींत तिची अर्धी हयात गेली होती. बाई कामाला चोख, पण स्वभावानं संशयी. दुकानदारानं मापात मारलंच असणार म्हणून ती कापड घरी येऊन पुन्हा मोजायची. ‘आयरीन उद्या स्वर्गात गेली तरी दाराची कडी आधी हलवून बघेल,’ असं तिची बहीण म्हणायची.

जूनमध्ये धुऊन आलेले शर्ट तपासताना एफ्राईन बातिस्ताच्या बाहीशी तिचा हात थांबला. पॅचवरच्या मधल्या स्टँडमध्ये, अगदी वरच्या रांगेत, एक पांढरा टाका होता. तिळाएवढा. भिंगाखाली धरल्यावर त्याला खांदे दिसले. डोक्याच्या जागी टोपी असावी तसा बारीक उंचवटाही होता.

दुसऱ्या कुठल्याच शर्टावर तो नव्हता.

तिनं बाही उलटी केली. आतल्या बाजूला गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक नव्हतं. सुई आरपार गेल्याची खूणसुद्धा नव्हती.

खेळाडूंचे कपडे, बूट, टॉवेल सगळं सांभाळणारा क्लाइड टार्व्हर शेजारच्याच खोलीत बसायचा. धुण्याच्या खोलीची किल्ली त्याच्या एकट्याकडे. आयरीन शर्ट घेऊन थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

“क्लाइड, हा चावटपणा तुझा?”

“माझे चावटपणे पुष्कळ आहेत. त्यातला कुठला?”

तिनं बाही पुढे केली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि हसला. “सुई तुझ्या हातात आणि चोर मी? माझ्या पँटचं बटण तुटलं तर मी पिन लावून फिरतो, बाई.”

ते खरं होतं. तरी त्याचं हसू तिला पटलं नाही. खोलीत येऊन तिनं टाके उसवायच्या बारीक सुरीनं तो टाका काढला. दोरा जुन्या पद्धतीचा, मेण चोळलेला होता. असा दोरा संघाकडे कधी आलाच नव्हता.

त्या दुपारी एफ्राईन प्रत्येक वेळी बाद झाला.

हा पोरगेला खेळाडू डोमिनिकन प्रजासत्ताकातून आला होता. त्या मोसमात चेंडू त्याला जणू विचारून यायचा, असा तो मारत होता. वरच्या श्रेणीतल्या संघाची माणसं त्याला बघायला येऊ लागली होती. त्याच्या गावी वडीलधाऱ्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात. आयरीनलाही तो तसंच म्हणायचा आणि तिच्या दारात आला की टोपी काढायचा. तिला मूलबाळ नव्हतं. हे टोपी काढणं तिला कुणाला सांगता येणार नाही इतकं आवडायचं.

सामना संपल्यावर तो आला. “दोन्या आयरीन, माझ्या बाहीला आज काही केलंत?”

“का रे?”

“काही नाही.” तो दाराच्या चौकटीवर नख घासत राहिला. “तो म्हातारा आज दिसला नाही.”

“कुठला म्हातारा?”

“मधल्या स्टँडमधला. पांढऱ्या टोपीवाला.”

आयरीननं हातातली इस्त्री उभी केली. मधला स्टँड कित्येक वर्षं बंद होता. काँक्रीटला भेगा गेल्या होत्या, फाटकाला साखळी होती आणि वर कबुतरांशिवाय कोणी नसायचं. बॅटरला चेंडू नीट दिसावा म्हणून तो सगळा गडद हिरवा रंगवला होता. तिथं पांढरं काही असतं, तर स्टेडियमभर बोंब झाली असती.

“तो टोपी घालून बसला की चेंडू सरळ येतो,” एफ्राईन हळू आवाजात म्हणाला, “आणि काढून मांडीवर ठेवली की वळतो. कधी चुकत नाही. मला वाटलं, आपल्याच संघाचा जुना माणूस असेल. सगळ्यांना माहीत असेल.”

“हे आणखी कुणाला बोललास?”

“नाही.”

“बोलू नकोस.”

पण बोलायची गरज उरली नव्हती. प्रतिस्पर्धी संघांना वास लागलाच होता. कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर पिचरला खुणांनी सांगतो; त्या खुणा लांबून चोरायच्या आणि आपल्या बॅटरला कळवायच्या, ही या खेळातली जुनी लबाडी. सिद्ध झाली तर एफ्राईनचं खेळणं तिथंच संपणार होतं. आठवड्याभरात लीगचा माणूस येऊन दाखल झाला. लिंडक्विस्ट नाव, उंच, कोरडा. त्यानं मधल्या स्टँडच्या फाटकाशी पहारेकरी बसवला आणि सगळ्यांची उलटतपासणी सुरू केली.

आयरीनचीही केली. “त्या मुलाच्या बाहीवर तुम्ही काही खूण शिवता, असं ऐकलं.”

क्लाइडनं तोंड उघडलं, हे तिला तत्क्षणी कळलं. “मी शिवत नाही. काढते.”

“म्हणजे आहे तर.”

 टाका परत आला होता. या वेळी एक रांग खाली. तिनं तोही उसवला, शर्ट स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली गळ्यातल्या क्रॉसबरोबर ओवली. सकाळी कपाट उघडलं तर टाका आणखी खाली होता. क्लाइडला तिनं मनातल्या मनात सोडून दिलं, पण बरं काही वाटलं नाही. क्लाइड असता तर किती सोपं होतं!

लिंडक्विस्ट रोज फाटक उघडून वर जायचा. एका दुपारी तो उतरून आला तो सरळ तिच्या खोलीत येऊन बसला. पाणी मागितलं.

“तिथल्या सगळ्या खुर्च्यांवर कबुतरांची घाण आहे,” तो म्हणाला. “एक सोडून. ती स्वच्छ आहे. रोज कोणीतरी बसावं तशी.”

“पहारेकरी आहे ना तुमचा?”

“आहे. त्यालाही बदलला.” तो पेल्यात बघत राहिला. “काल वरच्या एका रांगेतली खुर्ची स्वच्छ होती. आज ती नाही. आज तिच्या खालची आहे.”

 तो तिच्याकडे न बघता उठला. तोवर तिला त्याची भीती वाटत होती. त्या दिवसापासून तो तिला टाळू लागला आणि थोड्याच दिवसांत, ‘गैरप्रकार आढळला नाही’ असं सांगून निघून गेला. जाताना मैदान ओलांडून न जाता बाहेरच्या रस्त्यानं लांबून गेला.

आता तिनं थांबायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात एकच होतं: टाका राहिला तर पोराच्या नावाला डाग लागेल. म्हणून ती उसवत राहिली. प्रत्येक वेळी तो खाली येत राहिला. शेवटची रांग. कुंपणाची भिंत. मग एका सकाळी हिरव्या दोऱ्यावर, उघड्या मैदानात, तो पांढरा टाका उभा होता. बसलेला नव्हता. भिंगाखाली त्याचे पाय दिसत होते.

सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी तो डगआउटच्या तपकिरी पट्टीला टेकला होता.

एफ्राईन शर्ट न्यायला आला. उन्हाळ्यात तो वाळून गेला होता. आयरीनच्या हातातली सुरी बघून त्यानं तिचं मनगट धरलं. त्यानं तिला असा स्पर्श कधी केला नव्हता.

“नका काढू, दोन्या.”

“आज शेवटचा दिवस आहे. आज तरी स्वच्छ खेळ.”

“तो आता खुणा करतच नाही. किती दिवस झाले. फक्त विचारतो.”

“काय विचारतो?”

“म्हणतो, ‘मला सारखं जागेवरून कोण उठवतं?’”

वर स्टँड भरू लागला होता. पावलांनी छतावरची धूळ शिवणयंत्रावर पडत होती.

“तू काय सांगितलंस?”

“आईशप्पथ, तुमचं नाव नाही घेतलं.” त्यानं तिचं मनगट सोडलं. “पण काल तुम्ही डगआउटच्या दारात उभ्या होतात ना, तेव्हापासून त्यानं विचारणं बंद केलंय.”

तिनं सुरी खाली ठेवली.

दुपारी ऊन लख्ख होतं. लोक रुमाल हलवत होते, कोणी रडत होते, बँड वाजत होता. आयरीन डगआउटच्या दाराच्या आतच, अंधारात उभी राहून बघत होती. शेवटच्या डावात एफ्राईन बॅट घेऊन उभा राहिला. एक फटका बसला तर सामना जिंकला, तीन चेंडू हुकले तर बाद आणि सामना संपला.

त्यानं मधल्या स्टँडकडे पाहिलं नाही.

चेंडू आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसऱ्या वेळी पिचरनं हात मागे नेला आणि एफ्राईननं मान वळवली. सरळ आयरीनकडे पाहिलं.

नाही. तिच्या किंचित बाजूला.

चेंडू कॅचरच्या हातमोज्यात आदळला. सामना संपला. लोकांनी तरीही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

शर्ट तिच्या टेबलावर आला तेव्हा तिनं भिंग घेतलं. स्टँड रिकामा. मैदान रिकामं. डगआउटची पट्टी नुसती तपकिरी. तिनं पॅच इंच न् इंच पाहिला, बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली. टाका नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. क्लाइडनं दारातून डोकं घालून “माफ कर गं, त्या लांबड्यासमोर मी जरा जास्तच बोललो,” म्हटलं, तेव्हा ती हसलीसुद्धा. “जा, पिन लावत बस,” म्हणाली.

तिनं यंत्रावर कापड टाकलं, दिवा मालवला, कोट चढवला. बोगद्यात एफ्राईन बॅग खांद्याला लावून तिची वाट बघत थांबला होता. दोघं मुकाट्यानं चालत गेले. बाहेरचं जड लोखंडी दार त्यानं ढकललं, पाठीनं अडवून धरलं आणि टोपी काढली.

“दोन्या,” तो म्हणाला.

ती उन्हात बाहेर आली. चार पावलं गेल्यावर, तो येत का नाही म्हणून तिनं मागं पाहिलं.

एफ्राईन अजून दार धरून उभा होता, अंग चोरून, टोपी छातीशी घेऊन, आणखी कुणाला तरी वाट देत. मग मान लववून तो अदबीनं म्हणाला, “या, साहेब. पायरी जपून.”