तळघरातली माळ

गणपतराव, समई जरा अलीकडे ओढा आणि बसा. एकादशीच्या भजनात वीणा गळ्यात घ्यायला मी नकार का देतो, असं तुम्ही विचारलंत. बाकीच्यांनी वयाचं कारण गृहीत धरलं आणि मीही ते तसंच राहू दिलं. तुम्हाला मात्र जे घडलं ते सांगतो. वीणेकऱ्याने निदान एका माणसाशी तरी खरं बोलावं.

आरंभ अगदी साध्या कामाने झाला. आमच्या मृणालचं लग्न जुळत होतं. मुलगा धर्मेंद्र, त्याचे वडील हिलालशेठ मूळचे खानदेशातले, सुरतेजवळ भेस्तानला यंत्रमागावर उभं राहून पुढे स्वतःचे कारखाने काढलेले. दोन्ही घरची माणसं निवांत भेटावीत म्हणून त्यांनी आम्हाला आपली नवी वास्तू पाहायला बोलावलं. गुजरातेत दारूबंदी, म्हणून ती वास्तू सापुताऱ्याचा घाट ओलांडून पलीकडच्या महाराष्ट्रात, द्राक्षमळ्यांच्या मधोमध होती. वाईनचा कारखाना, पण पत्र्याची शेड नव्हे. युरोपातल्या जुन्या सरदारांच्या गढ्यांसारखा, सिमेंट न वापरता, हातांनी घडवलेल्या दगडांचा, चुन्यात बांधलेला किल्ला.

आपण माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ देहाबरोबर चितेवरच जाते, जिवंतपणी उतरत नाही. आणि दारूच्या दारात आपण उभे राहत नाही. हे मी तुम्हाला काय सांगावं? परंतु मृणालचं मन धर्मेंद्रवर जडलं होतं. निघताना ती हळूच म्हणाली, "बाबा, आज तेवढं कुणाला काही बोलू नका."

मी हो म्हणालो. माझा मुलगा आशिष गाडी चालवत होता, घाटाची वळणं मागे पडत होती, आणि माझ्या मनात एक कीड शिरली. गळ्यात माळ आणि हातात पेला दिसला, तर ही श्रीमंत मंडळी हसतील. पेला नाकारला, तर त्यांचा मान मोडेल आणि पोरीचं जुळत आलेलं लग्न बिनसेल. गाडी फाटकाशी थांबली. मुलं उतरत होती तेवढ्यात मी माळ डोक्यावरून काढली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. माझी बायको माधवी गुडघ्यांमुळे घरी राहिली होती. ती शेजारी असती तर माझा हात उठला नसता.

किल्ला खरोखर भव्य होता. कोरडा खंदक, त्यावर साखळदंडांनी उचलायचा लाकडी पूल, परदेशातल्या कुठल्याशा मोडक्या मठातून आणलेलं खिळ्यांचं दार. दुपार अजून कलली नव्हती, तरी त्या दारातून आत पाऊल टाकताच सांजावल्यासारखं झालं.

"या व्याही, या," हिलालशेठ म्हणाले. "भिंतीवरचे भाले तेवढे नकली छे, बाकी सगळं अस्सल."

त्यांच्या वृद्ध मातोश्री उषाबाई वरच्या दालनात बसल्या होत्या. त्यांना पायऱ्या उतरवत नव्हत्या. आम्ही त्यांना नमस्कार केला. मी जरा दुरूनच केला, आणि उपरणं गळ्याशी ओढून घेतलं.

मग आम्ही खाली गेलो. गोल वळत जाणारा दगडी जिना, आणि त्याच्या पोटात कमानींमागून कमानी. दोन्ही अंगांना लाकडी पिंपं आडवी निजवलेली. हवेत आंबलेल्या फळांचा गोडसर, जड वास. विजेचे दिवे मुद्दाम दिलेले नव्हते. भिंतीत खोचलेल्या मशाली जळत होत्या. शेवटच्या कमानीखाली हिलालशेठ थांबले.

"परदेशी पाहुणे विचारतात, शेठ, किल्ला अस्सल आहे तर भूत कुठे आहे? म्हटलं, तेही आहे. गावाकडचंच आहे, बाहेरून आणावं नाही लागलं."

मंडळी हसली. त्यांनी मग सारी हकीकत सांगितली. ही कमान उखा नावाच्या त्यांच्या गावाकडच्याच म्हाताऱ्या गवंड्याने चढवली होती. खालचा लाकडी आधार काढला आणि दगड त्याच्यावर कोसळले. देह मिळाला, पण गळ्यातली माळ मिळाली नाही. त्याची बायको माळेवाचून अग्नी देऊ देईना. मजुरांनी दिवे लागेपर्यंत राडारोडा उपसला; अखेर तसाच अग्नी दिला. तेव्हापासून म्हातारा अंधारात भिंती चाचपत फिरतो, असं कामगार म्हणतात.

"माळ कसली शोधतोय," हिलालशेठ म्हणाले, "पिंपांच्या तोट्या शोधत असेल."

पुन्हा हशा झाला. गणपतराव, मीही हसलो. आपल्याच पंथातला एक माणूस माळेवाचून जळाला, आणि मी व्याह्यांना बरं वाटावं म्हणून इतरांहून मोठ्याने हसलो. त्याच हशात कुणीतरी माझ्या हातात पेला दिला. मी तो ओठांना लावला. चव आठवत नाही. ओठ ओले झाले, एवढं आठवतं.

"आता जुन्या काळचा अंधार पाहा," असं म्हणून हिलालशेठनी मशाली विझवायला सांगितल्या. पाहुण्यांना दाखवायचा हा त्यांचा नेहमीचा खेळ होता.

एकेक मशाल विझली. अंधार इतका दाट झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळेना. सुरुवातीला कुणी खाकरलं, कुणी दबकं हसलं. मग सगळे आवाज दूर गेले, जणू मंडळी मला एकट्याला सोडून जिना चढून गेली. फळांचा वास ओसरला. त्याच्या जागी ओल्या चुन्याचा वास आला, आणि त्या वासात मिसळलेला… चुरगाळलेल्या तुळशीचा.

माझ्या पाठीमागे भिंतीवरून काहीतरी घासत येत होतं. खरखरीत तळव्याने दगड चाचपावा, थांबावं, पुन्हा चाचपावा, तसं. मी श्वास रोखला. घासणं माझ्या मागे येऊन थांबलं.

"राम कृष्ण हरी…" कानाशी कुणीतरी म्हणालं.

हा आपला नमस्कार. समोरच्याने उत्तरादाखल हेच शब्द म्हणायचे. आयुष्यभरात हे उत्तर माझ्या तोंडून आल्यावाचून राहिलं नाही. त्या क्षणी ओठ हलले, पण ते ओले होते. त्या ओल्या ओठांवर नाम यायला धजेना.

माझ्या डोक्यावरून काहीतरी अलगद खाली आलं. गार मणी कानांना घासून गळ्यावर स्थिरावले. मी हात लावला. माळ होती.

मशाली पेटल्या. मंडळी होती तिथेच उभी होती. मृणालनेच माझ्या खिशातून काढून माळ मला घातली, असं मी मनाशी ठरवलं, आणि लाजेने तिच्याकडे पाहिलं नाही.

वर दालनात पानं मांडली होती. माझ्यापुढे वेगळा पेला होता.

"हा नुसता रस आहे," हिलालशेठ म्हणाले. "आईचा हुकूम होता, माळकरी माणसाचं सगळं वेगळं ठेवा. खाली तुमच्या हातात पेला पाहिला, तेव्हा मीच चपापलो. पण म्हटलं, व्याह्यांना कसं टोकावं."

उषाबाई कौतुकाने माझ्याकडे पाहत होत्या. "माळकरीनी पोर शे, म्हणीसन मी हा म्हणनू," त्या म्हणाल्या. जिच्यामुळे ही सोयरीक जुळली, तीच माळ मी सोयरिकीसाठी खिशात लपवली होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मग त्या पुढे वाकल्या. त्यांनी बोटांनी माझी माळ चाचपली, आणि त्यांचं हसू विरलं.

"भाऊ… हाई माळ तुमनी शे?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी हात मागे घेतला आणि बोटं पदराला पुसली. पदरावर चुन्याचं पांढरं उमटलं.

परतीच्या वाटेवर मृणाल म्हणाली, "मी बोलू नका म्हटलं होतं, बाबा. काढा म्हटलं नव्हतं." तिने फाटकाशी काचेतून पाहिलं होतं. मग तिचा आवाज जरा निवळला. "निदान खाली परत घातलीत, ते बरं केलंत."

"तूच घातलीस ना?"

"मी? मी तर धर्मेंद्रबरोबर जिन्यापाशी होते."

घरी आल्यावर सदरा खुंटीला अडकवला. माधवीने धुवायला घेताना सवयीने खिसे पाहिले, आणि आतल्या खिशातून माझी माळ काढून माझ्या हातावर ठेवली. वडिलांनी दिलेली, मधला मणी चिरलेला, माझीच. "दुसरी कधी घेतलीत?" एवढंच तिने विचारलं.

लग्न ठरलं आहे. पोर सुखात आहे, आणि तिला मी हे सांगणार नाही.

गळ्यातली ही माळ उतरवायला गेलो, गणपतराव. उखाच्या बायकोचा पत्ता काढून तिच्या पदरात घालावी, असं मनात होतं. पण जी डोक्यावरून सहज आली, ती आता हनुवटीच्या वर सरकत नाही. दोरा तोडायला माझा हात धजत नाही, आणि तो अधिकार तरी मला कुठे उरला? तिला चितेवरच जायचं होतं. आता ती जाईल, माझ्याबरोबर जाईल. मला सलतं ते एवढंच की त्याने नाम घेतलं आणि मी उत्तर दिलं नाही. पहाटे काकड्याला बसलो की पाठीमागे कुणीतरी तेच शब्द म्हणतं, आणि माझ्या उत्तरासाठी थांबतं… रोज आदल्या दिवसाहून जरा जवळ.

म्हणून वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात द्या.

आता समई उचला आणि माझ्या पाठीवर उजेड धरा. सदरा धुतलेला आहे, तुम्ही येण्याआधीच घातला. दोन्ही खांद्यांवर पाहा. चुन्याच्या हातांचे ठसे आहेत ना?