आडवा वारा, आठशे फूट

विमान उतरवताना ऑटोपायलट कधी सोडायचा, यावरून रोशनची आणि माझी रोज जुंपायची. रोशन ब्रह्मपुरीचा, माझ्या हाताखाली शिकणारा वैमानिक. आडवा वारा असला की त्याला हजार फुटांपासूनच विमान स्वतःच्या हातात हवं असायचं. माझं मत उलट. यंत्राचा हात थरथरत नाही, तीनशे फुटांपर्यंत त्यालाच राबू द्यावं. वर्षानुवर्षं मी तसाच उतरत होतो आणि धडधाकट होतो, हे मी त्याला येताजाता ऐकवत असे.

मे महिन्यातली दुपार होती. वादळाने नागपूरचा विमानतळ बंद झाला, म्हणून आम्ही चंद्रपूरबाहेरच्या छोट्या धावपट्टीकडे वळलो. इंधन एकाच प्रयत्नापुरतं उरलं होतं. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आडवा होऊन पळत होता, खाली सागाचं जंगल एका अंगावर लोळत होतं. विमानाला असे रट्टे बसत होते, की माझं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं आणि भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. ते पुसत मी वॉकीटॉकी घेतला.

खाली बापूराव होते. पट्टीचे राखणदार. गुरं हाकलायची आणि वैमानिकांना वाऱ्याचा अंदाज सांगायचा, हे त्यांचं काम.

"बापूराव, पट्टी मोकळी आहे ना?"

"येऊ नका, साहेब!" ते रडत होते. "पट्टीवर इमान उलटं पडलं आहे. जळून राह्यलं."

पट्टी मला समोर दिसत होती. लांब, काळी, रिकामी.

"कोणाचं विमान?"

खरखर वाढली. मी वॉकीटॉकी कानाला दाबून धरला.

"तुमचंच, साहेब."

"पिऊन असन थो," रोशन म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग मात्र उडाला होता.

मला संताप आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण बापूरावांच्या आवाजामागे काहीतरी तडतडत जळताना मला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणून मी विचारलं, "पडलं कसं?"

"नाक वाऱ्याकडं करून तिरपंच आलं. अगदी खालपर्यंत कोनी हात लावला नाई. मंग एकदम सरळ केलं, अन् पंख टेकला."

आडव्या वाऱ्यात ऑटोपायलट विमान असंच तिरपं धरून ठेवतो. शेवटी ते सरळ करणं माणसाचं काम. आणि ते मी अगदी खाली, एकदम करणार होतो.

आठशे फूट. मी ऑटोपायलट सोडला.

यंत्राने इतका वेळ दाबून धरलेला सगळा जोर माझ्या मनगटात आला. आत काहीतरी कटकन मोडलं.

"पाय दे!" मी किंचाळलो. रोशनने सगळं वजन टाकून नाक वळवणारं पेडल तुडवलं.

खिडकीत झाडं आली. मग आकाश. पुन्हा झाडं.

एक चाक आपटलं. मग दुसरं.

थांबलो.

रोशन हसत होता, रडतही होता. दार उघडून त्याने खाली उडी मारली आणि जमिनीवर बसकण मारली. पट्टीवर दुसरं विमान नव्हतं. राखेचा डागसुद्धा नव्हता.

बापूराव धावत आले. रोशनकडे न बघता ते थेट पंखावर चढले आणि दारातून आत वाकले. त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलून लोंबत होती. त्याच हातात विळा होता.

"रोशनभाऊले काढलं मी," ते धापा टाकत म्हणाले. "तुमचा पट्टाच नाई सुटला, साहेब. लई ओढला. म्हनून या खेपेले विळा आनला."

"अहो बापूराव, सुटतो की," मी म्हणालो, आणि सीटच्या पट्ट्याचं बकल दाबलं.

ते उघडलं नाही. माझी बोटं मात्र पोळली.